चार सूत जादा

"बसत नाही!" वेल्डर वरून ओरडला, आणि खाली उभ्या असलेल्या चौघांनी चार दिशांना पाहिलं.

काकूने ते टिपून ठेवलं. संकट आलं की माणसाची नजर आधी कुठे जाते, त्यावरून घरातलं येणं-देणं कळतं, असं तिचं जुनं मत होतं. पुतणीने काकाकडे पाहिलं. काकाने, म्हणजे काकूच्या नवऱ्याने, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. आत्या आल्यापासून उन्हाच्या नावाने खडे फोडत होती, तिने धाकट्या भावाच्या तोंडाकडे पाहिलं. आता हा काय बोलतो, याची तिला घाई. आणि तो धाकटा, पुतणीचा बाप, खाली बुटांकडे बघत राहिला.

तेच काकूला खटकलं. जो माणूस वर्षभर "हे छप्पर होणार नाही" असं येता-जाता सांगतोय, त्याने या घटकेला आभाळाकडे बघून हसायला हवं होतं. बुटांत काय ठेवलंय?

वर लोखंडी सांगाड्यावर वेल्डर दोन्हीकडे पाय सोडून बसला होता. क्रेनच्या रबरी पकडीत धरलेली काच त्याच्यासमोर तरंगत होती. काळसर निळ्या चौकोनांची, चौकोनांच्या मधल्या फटींतून आभाळ दाखवणारी. दोन काचांच्या पोटात उन्हातून वीज करणारे पापुद्रे, आणि एका कडेतून शेपटीसारख्या बाहेर आलेल्या दोन तारा. छपराच्या सहा उभ्या पट्ट्यांसाठी अशा काचा खाली लाकडी घोड्यांवर उभ्या होत्या. एकेका पट्ट्यात तीन.

"अहो, नीट बघ की रे," आत्या ओरडली. तिचं आदराचं गणित रागात कायम चुकायचं. "तिरकी धरली असशील!"

"आत्याबाई, सरळ धरली, तिरकी धरली, उलटी धरायची तेवढी राहिलीय. काच मोठी आहे."

"नाकापेक्षा मोती जड," आत्या म्हणाली आणि धाकट्याकडे वळली. "घे. झालं तुझ्या मनासारखं."

धाकट्याची नजर बुटांवरच.

या कारखान्यात तीन पिढ्यांनी काच कापली होती. खिडक्यांची, आरशांची, दुकानांच्या दर्शनी भिंतींची. पण ज्यांनी गावभर उजेड बसवला, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र पत्रा. भर दुपारी दिवे लावून काच कापायची, आणि पत्रा तापला की घामाने हात घसरायचे. पुतणी इमारतींचे नकाशे काढायला शिकून आली, आणि आल्याआल्या तिने या पत्र्यावर बोट ठेवलं. पत्रा काढा, तिथे ही काच घाला. ऊन अडेल, उजेड येईल, आणि पापुद्र्यांत जी वीज होईल तिच्यावर खालची घासायची यंत्रं चालतील. "छप्पर नुसतं झाकत बसतं, बाबा. त्याला थोडं कमवू दे."

"छपराने कमवायचं, आणि आपण काय, झाकत बसायचं?" बाप म्हणाला होता. "आपला धंदा उजेड आत सोडायचा. तुझी काच तो वाटेतच गिळते."

"अर्धाच गिळते. उरलेला तुमच्या टेबलावर पडतो. फटी किती ठेवायच्या ते मी ठरवलंय, टेबल कुठे आहे ते बघून."

मग सहा महिने घरात दोन पक्ष. थोरला, म्हणजे काका, पुतणीच्या बाजूने, कारण नवी काच दिसली की त्याला नवी चप्पल मिळालेल्या पोरासारखं व्हायचं. धाकटा विरोधात. आत्या ज्याच्या घरी जेवायला असेल त्याच्या बाजूने. शेवटी धाकट्याने तोड काढली: छप्पर चढलं तर कारखान्याची चावी मुलीच्या हातात, ती म्हणेल तसं काम. नाही चढलं, तर दूरच्या शहरातल्या ज्या बड्या कचेरीने तिला बोलावलंय तिथे तिने मुकाट्याने जायचं. कचेरीला आज संध्याकाळी कळवायचं होतं.

काकूला विजेचं कौतुक नव्हतं. तिला पोरगी हवी होती. पोरीची आई गेली तेव्हा पोर दुसरीत होती. टेबलाखाली बसून फूटपट्टीने मांजर मोजायची, म्हणून तिचं नाव पडलं 'मापटं'. त्या मापट्याची वेणी काकूने घातली, ताप काकूने उतरवला, आणि आता ते जाणार की राहणार, हे एका काचेच्या कडेवर येऊन टेकलं होतं.

"खाली घ्या," पुतणी म्हणाली. आवाज शांत होता. काकूला तो आवाज माहीत होता, रडायच्या आधीचा.

काच खाली आली. पुतणीने टेप लावला. एकदा लावला, पुसला, पुन्हा लावला.

"काका, मी दिलेलं माप हे नाही."

"नाही," थोरला लगेच म्हणाला. खोटं बोलायला वेळ लागतो, आणि त्याला तेवढा धीर कधी नव्हता. "मी वाढवलं."

"वाढवलं?"

"दोन सूत. सूट सोडली. ऑर्डरचा कागद भरताना."

थोरल्याच्या बापाने घालून दिलेला नियम होता तो. चौकट कागदावर काटकोनात असते, भिंतीत नसते; म्हणून काच दोन सूत जादा मागवायची आणि जागेवर जाऊन, चौकटीच्या मनाप्रमाणे घासून बसवायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण या घरात तो नात्यातला माणूस असावा तसा सगळीकडे हजर. कपाट घ्यायचं तरी दोन सूत सोडून, भाकरी थापायची तरी दोन सूत जादा.

"काका, ही काच घासता येत नाही! ही भाजून टणक केलेली आहे, आत पापुद्रे आहेत. कडेला चाक लागलं की सगळ्याचा चुरा."

"माहीत आहे गं."

"माहीत आहे?"

"डोक्याला माहीत होतं." थोरल्याने उजवा हात पुढे केला, जणू तोच आरोपी. "याला कुणी सांगितलं नाही. आकडा लिहिताना हा आपला आपण पुढे गेला."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी पुतणी हसली असती. आज तिचा चेहरा पांढरा पडला.

"घरात एकटे तुम्ही माझ्या बाजूने होतात. एकटे! विरोधातल्यांनी काही केलं नाही, आणि तुम्ही... तुम्हाला एक कागद उतरवून काढायला दिला होता, काका. नुसता उतरवून! आता काय सांगू मी, कुणाला सांगू? तुमच्यापेक्षा कुणी परका—"

"ए!"

धाकटा इतक्या जोरात ओरडला की वेल्डरने वर सांगाडा धरला.

"आवाज खाली. कुणाशी बोलतेयस? तो माझा दादा आहे."

पुतणी बापाकडे बघत राहिली. आत्या तर उठूनच उभी राहिली.

"अरे वा! काल रात्री फोनवर मला कोण म्हणत होतं, दादाला म्हातारचळ लागलाय म्हणून?"

"मी म्हणेन. पन्नास वेळा म्हणेन. हिने नाही म्हणायचं."

"म्हातारचळ?" थोरल्याने विचारलं.

"तसं नाही रे दादा."

"नाही, म्हण. आज म्हणायचा दिवस आहे."

काकू पाण्याचे पेले भरत होती. भांडण कुठल्याही टोकाला गेलेलं असो, माणसाच्या हातात भरलेला पेला दिला की त्याला हातवारे करता येत नाहीत, हा तिचा शोध. तिने पुतणीला पेला दिला, नवऱ्याला दिला, धाकट्यापुढे धरला. त्याने नजर चुकवून घेतला. पुन्हा तेच. पक्ष बदलला, आवाज चढवला, पण नजर काही वर येईना. हा माणूस भावाची बाजू घेत होता, की भावाच्या आडोशाला उभा होता?

"दोन सुतांसाठी एवढं रामायण," आत्या म्हणाली. "ते लोखंडच दोन सूत सरकवा की."

"दोन नाही," वेल्डर शिडीवरून उतरत म्हणाला. "चांगला अर्धा इंच आहे. चार सूत."

थोरल्याने पेला खाली ठेवला.

"चार? शक्य नाही."

"टेप बघा."

"टेप राहू दे बाजूला. मी दोन सूत सोडली. चाळीस वर्षं दोन सोडतोय. माझ्याकडून चूक झाली, मान्य. पण माझी चूक दोन सुतांची आहे. चार सुतांची चूक मी करणार नाही." त्याचा आवाज आता पहिल्यांदा दुखावला होता. पुतणीने फटकारलं ते त्याने गिळलं, म्हातारचळ गिळला, पण दुसऱ्याची दोन सुतं त्याच्या घशाखाली उतरेनात.

पुतणीने पेला काकूच्या हातात परत दिला आणि ती घोड्यांकडे गेली. एकेका काचेला टेप लावत निघाली. क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं.

"सगळ्या चार," ती शेवटच्या काचेपाशी म्हणाली. "केसाचाही फरक नाही."

"मग बनवणाऱ्यांची चूक!" आत्याने टाळी वाजवली. "दादाची दोन, त्यांची दोन. लाव फोन. चांगलं खडसाव आणि बदलून माग."

पुतणीच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. परक्याची चूक सापडण्याइतकं सुख घरच्या भांडणात दुसरं नसतं. तिने फोन काढला.

"मापट्या, थांब," काकू म्हणाली. "भावजी, तो कागद यांनी भरला. पुढे पाठवला कोणी?"

धाकट्याने पाणी पिऊन टाकलं. रिकामा पेला फिरवून बघितला. मान चोळली.

"मी," तो म्हणाला.

"नुसता पाठवला?"

"वहिनी, तुम्ही पण ना... टेबलावर पडला होता. दादा म्हणाला, जाता जाता पाठव. मी वाचला. म्हटलं, हा नव्या काचेच्या नादात सूट विसरला असणार. वय झालं."

"मी?" थोरला उठला. "मी सूट विसरलो? मी?"

"आकडा मला उघडाबोडका वाटला रे! तू वाढवलायस हे त्यावर लिहिलं होतं का कुठे?"

"लिहायचं असतं का ते? आपल्यात कधी कुणी लिहिलंय?"

"तेच तर! म्हणून मी दोन सोडली."

आत्या बाकड्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हलायला लागली. आधी वाटलं रडतेय. मग तिच्या तोंडून एक फुसका आवाज निघाला आणि ती खदाखदा हसत सुटली. "बाबा असते तर त्यांनी अजून दोन सोडली असती! बरं झालं गेले, नाहीतर काच शेजाऱ्यांच्या घरात गेली असती!"

वेल्डर तोंड फिरवून हसला. काकू हसली. थोरला रागावलेला राहायचा प्रयत्न करत होता, पण त्याची मिशी त्याच्या ताब्यात राहिली नाही. एकटी पुतणी हसली नव्हती. ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला छप्पर नकोच होतं ना?"

"नकोच होतं."

"काच पाहिली की तोंड वाकडं करत होतात."

"करतच होतो."

"मग कागद चुपचाप पाठवून द्यायचा. कमी पडली असती तर तुमचंच खरं झालं असतं. दोन सूत वाढवलीत कशाला?"

एरवी धाकटा बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की याचं वाक्य तयार. आता त्याने पेला काकूकडे दिला, रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला.

"मला नको, म्हणून काय तुला कमी पडू द्यायची?"

काकूने दोन्ही पेले घट्ट धरले. घरातल्या माणसांचा एवढा हिशेब तिने ठेवला, पण ही रक्कम तिने इतकी वर्षं चुकीच्या बाजूला मांडली होती. तिला वाटायचं, पोरगी जावी म्हणून हा माणूस छपराला आडवा येतो. आणि हा तर जाता जाता, कुणाला न सांगता, पोरीच्या काचेला आपल्याकडची सूट सोडत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. थोरला भावाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचा म्हातारचळाचा रागही आता कुठे दिसत नव्हता.

पुतणी वळली आणि पुन्हा त्या काचांपाशी जाऊन उभी राहिली. पाठमोरी. आता मात्र रडतेय, असं आत्याला वाटलं; ती उठायला लागली, तर काकूने तिला हाताने खाली बसवलं. रडणाऱ्याचे खांदे हलतात. पोरीची मान हलत होती. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. ती मोजत होती.

"सगळ्यांत चार," ती स्वतःशी म्हणाली. मग मोठ्याने, "काका, सगळ्यांत सारखीच चार."

"मग? आम्ही काय अंदाजपंचे सोडतो होय?" थोरला म्हणाला.

"तेच म्हणतेय. एक मोठी, एक लहान असती तर गेलं असतं सगळं. चूक सगळीकडे सारखी असेल तर ती चूक नाही, माप आहे. खडू द्या कुणीतरी."

दोघा भावांनी एकदमच खिशात हात घातले. खडू थोरल्याच्या खिशातला निघाला. ती जमिनीवर उकिडवी बसली आणि तिने सहा पट्ट्यांचं छप्पर काढलं. वेल्डर शेजारी बसला.

"हे उभे बार वर-खाली बोल्टने धरलेत. बरोबर? वेल्ड केलेले नाहीत."

"नाहीत. तुम्हीच नको म्हणालात. पुढेमागे एखादी काच बदलायची तर उघडता यावं म्हणून."

"मग पहिला बार चार सूत सरकव. दुसरा आठ. असे पुढे वाढत जा. नवी भोकं पाडावी लागतील."

"पाडीन की. संध्याकाळपर्यंत होईल. पण ताई, सरकत सरकत शेवटच्या पट्ट्याची जागा खाल्ली जाईल."

"जाऊ दे. पाच पट्टे या काचेचे. सहाव्यात ही बसणार नाही, तिथे साधी काच घालू. तो उत्तरेकडचा पट्टा आहे, तसंही तिथे ऊन कमीच. आणि लांबीतली जादा खाली पन्हळीवर बाहेर काढू, पाणी आणखी लांब पडेल."

"आणि उरलेल्या तीन?" धाकट्याने विचारलं. तो कधी वाकून बघायला लागला, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"दारावर छज्जा. दक्षिणेचं दार आहे, बाबा; दिवसभर ऊन खातं. गिऱ्हाईक आत यायच्या आधीच काच डोक्यावर दिसेल."

"हं." धाकट्याने खडूच्या रेषांकडे मान तिरकी करून पाहिलं. "म्हणजे दारातच बोलायला विषय."

"बघा, कसा धंदा सुचला!" आत्या म्हणाली. "हा आता म्हणेल, दोन सूत मी मुद्दामच सोडली होती."

लोखंडाच्या ताकदीचा हिशेब ज्या इंजिनियरने केला होता, त्याला पुतणीने फोन लावला. तिकडून बराच वेळ प्रश्न आले. ती बारांची अंतरं सांगत होती, काचेचं वजन सांगत होती, मध्ये एकदा "नाही हो, दोघांनी मिळून" असंही म्हणाली. तिकडचं हसू इकडे ऐकू आलं. मग फोन ठेवून तिने वेल्डरला मान डोलावली आणि तो शिडी चढला.

पुतणी थोरल्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, मघाशी मी—"

"सहाव्या पट्ट्याची साधी काच कोण कापणार?" थोरल्याने विचारलं.

"तुम्ही. अजून कोण?"

"मग झालं की बोलून," तो म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. फार हलकी नाही.

"पण एक सांगते," तिने खडूचे हात झटकले. "दोघांनाही. इथून पुढे या कारखान्यात माप फक्त मी देणार. त्यात कुणी काही घालायचं नाही, काढायचं नाही. सूट सोडायची तर मी सोडेन."

"किती सोडशील?" दोघांनी एकदम विचारलं.

"उणे. काच चौकटीपेक्षा लहान असायला हवी. मधल्या फटीत रबर बसतं, काचेला उन्हात फुगायला जागा लागते."

भावांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पोरीने घरादारावर नांगर फिरवायची भाषा केली असावी.

"लहान!" थोरला पुटपुटला.

"काळ आलाय, दादा," धाकटा म्हणाला.

काकूच्या कानात मात्र रबर शिरलं नाही की फुगणारी काच शिरली नाही. तिने एवढंच ऐकलं: इथून पुढे. पोरगी कचेरीबद्दल काही बोलली नव्हती, चावीबद्दल काही बोलली नव्हती. आत्या विचारायला तोंड उघडत होती, "मग त्या नोकरीचं—" तेवढ्यात काकूने भरलेला पेला तिच्या हातात दिला. उत्तर येऊन गेल्यावर प्रश्न विचारू नये. माणसं मग मुद्दाम दुसरं उत्तर देतात.

वर पहिला बार सरकला. पुतणी शिडी चढून सांगाड्यावर गेली आणि सहाव्या पट्ट्याच्या जागेवर वाकली. टेपचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं वाऱ्यावर हलत होतं. तिने खाली पाहिलं. वेल्डर यंत्रात गुंतला होता, थोरल्याचा गुडघा शिडीच्या कामाचा राहिला नव्हता. धाकट्याने बूट काढले, आणि वर्षभर ज्या शिडीला त्याने पाय लावला नव्हता ती तो कण्हत, मध्ये दोनदा थांबत चढला. पलीकडच्या टोकाला जाऊन टेप पकडला आणि सवयीने दातओठ खाऊन ताणला.

"बाबा," पुतणी वरून म्हणाली, "ओढू नका. नुसतं धरा."

त्याने हात ढिला केला. टेप दोघांच्या मध्ये सरळ राहिला, आणि तिने आकडा मोठ्याने वाचला.